डीसीसीवर पॉइंट शॉर्ट मारतोय, आणि शॉर्ट झालं की पॉइंटच हलत नाही!

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

मॉडेल रेल्वेचा लेआउट छोटाच आहे. एचओ (खऱ्याच्या 1/87 मापाचा), 6 बाय 4 फुटांचा प्लाय, दिवाणाखाली सरकवून ठेवायचा (वन बीएचके आहे, ही गृहमंत्र्यांची अट). एक ओव्हल, एक लूप लाइन, दोन सायडिंग, म्हणजे एकूण चार पॉइंट (रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा). चारही पेको कंपनीचे कोड 75, इलेक्ट्रोफ्रॉग (फ्रॉग, म्हणजे दोन वाटांचे आतले रूळ भेटतात तो तुकडा, करंट नेणारा), मावसभाऊ इंग्लंडहून येताना एकेक करून आणायचा. पॉइंट हलवायला खाली दोन कॉइलवाल्या सोलेनॉइड मोटर आहेत. सात-आठ वर्षं साध्या डीसी कंट्रोलरवर सगळं छान चालू होतं.

दिवाळीच्या सुट्टीत डीसीसी केलं, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम जातो. अर्डुइनो मेगा बोर्ड, वर ट्रॅकला पॉवर देणारं मोटर शील्ड, त्यात डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर टाकलंय. शील्ड आणि मेगाची पॉवर वेगळी करायला शील्डखालचा तो विनचा जंपर कापला, वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर दिला, मोबाइलवर इंजिन ड्रायव्हर ॲप. ओव्हलवर गाडी अशी काय पळते म्हणून सांगू, आणि दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळ्या स्पीडने बघून मुलगी तर वेडीच झाली. सगळीकडे वाचलं होतं की डीसीसीत प्रत्येक रुळाला फीडर (पॉवरची वेगळी तार) द्या, म्हणून लूपला आणि सायडिंगलाही फीडर दिले आणि फ्रॉगच्या पुढे रूळ जोडायला प्लास्टिकचे, करंट न जाऊ देणारे जॉइनर टाकले. इथपर्यंत ठीक.

आता रडगाणं. एक जुनं वाफेचं इंजिन आहे, ते सायडिंगच्या पॉइंटवर पात्याच्या (सरकणाऱ्या रुळाच्या) टोकाशी गेलं की टक्, सगळं बंद. दुसरं इंजिन (अमेरिकन अल्को, मीच कल्याण शेडच्या डब्ल्यूडीएम-3ए सारखं रंगवलेलं) तिथून आरामात जातं. आणि दुसरा त्रास जास्त डोकं फिरवणारा आहे, लूपमधून बाहेर येताना पॉइंट चुकून उलटा लागलेला राहिला की इंजिनाचं पुढचं चाक फ्रॉगवर चढतं आणि शॉर्ट. मग मी मोबाइलवरून पॉइंट सरळ करायला जातो तर पॉइंट ढिम्म हलत नाही, कारण त्याचा डिकोडर (हुकूम वाचून मोटर हलवणारा बोर्ड) पण त्याच ट्रॅकवरून पॉवर घेतो! म्हणजे पॉइंट हलल्याशिवाय शॉर्ट जाणार नाही आणि शॉर्ट गेल्याशिवाय पॉइंट हलणार नाही. शेवटी दिवाणाखाली डोकं घालून इंजिन हाताने मागे ढकलायचं. मुलगी विचारते, बाबा हातानेच ढकलायचं होतं तर एवढा खर्च कशाला केला?

अजून एक किरकोळ. डिकोडर (चार आउटपुटचा) एका मित्राने त्याच्याकडे रोको कंपनीच्या मल्टीमाउस कंट्रोलरवर सेट करून दिला, त्यावर त्याने पॉइंटचे पत्ते 5, 6, 7, 8 असे लिहिलेत. माझ्याकडे तो 1 ते 4 ला उत्तर देतो. मित्र म्हणतो तूच काहीतरी गडबड केलीस.

डीसीवर हे काहीच होत नव्हतं. मग माझं वायरिंग चुकलंय की पॉइंटच डीसीसीला चालत नाहीत?

---

कोथरूडकर

पॉइंट चालतात, फेकून देऊ नका. वायरिंग चुकलंय म्हणण्यापेक्षा अर्धं राहिलंय म्हणा.

इलेक्ट्रोफ्रॉग डब्यातून काढल्यावर कसा असतो बघा. दोन्ही पाती, पात्यांच्या मागचे रूळ आणि फ्रॉग हे सगळं आतून एकमेकांना जोडलेलं असतं, विजेच्या भाषेत एकच धातूचा तुकडा. त्याला करंट कुठून मिळतो, तर जी पाती ज्या स्टॉक रेलला (बाहेरच्या न हलणाऱ्या रुळाला) चिकटलीय तिथून. म्हणजे पॉइंट सरळ असेल तेव्हा उघडी राहिलेली दुसरी पाती पण त्याच पोलारिटीची, आणि तिच्या शेजारची स्टॉक रेल उलट पोलारिटीची, मध्ये जेमतेम दोन-तीन मिमीची फट. तुमच्या वाफेच्या इंजिनाच्या चाकांमधलं आतलं अंतर बहुतेक थोडं कमी असणार, एचओला साधारण 14.4 ते 14.5 मिमी हवं. चाकाची पाठ उघड्या पातीला घासते, बाहेरची कड स्टॉक रेलवर असते, झालं शॉर्ट. अल्कोचं अंतर बरोबर असेल म्हणून ते सुटतं. व्हर्नियर असेल तर मोजून बघा, नसेल तर दोन्ही इंजिनं उलटी करून शेजारी ठेवली तरी नुसत्या डोळ्याला फरक दिसतो कधीकधी.

डीसीवर हेच शॉर्ट होत होतं, तुम्हाला दिसत नव्हतं इतकंच. क्षणभर दिवा मंद व्हायचा, इंजिन जडपणामुळे पुढे सरकायचं, संपलं. डीसीसीत मात्र कमांड स्टेशन (तुमचं ते मेगा आणि शील्ड) काही मिलिसेकंदांत ट्रॅक तोडतं, ते कशाची वाट बघत नाही.

आणि दुसरा त्रास पूर्वी का नव्हता ते तर सोपं आहे, आधी लूपला वेगळे फीडरच नव्हते! पॉइंट उलटा असला की ती लाइनच मेलेली असायची, इंजिन जागचं हलायचंच नाही. आता तुम्ही फीडर देऊन तिला जिवंत केलंत त्यामुळे इंजिन थेट फ्रॉगपर्यंत येतं, प्लास्टिकच्या जॉइनरवरून चाक पलीकडे गेलं की अलीकडे एक पोलारिटी आणि पलीकडे दुसरी.

उपाय असा. पॉइंट उलटा करून बघा, खालच्या बाजूला दोन बारीक तारा दिसतील, पात्यामागचे रूळ फ्रॉगला जोडणाऱ्या. त्या कापायच्या. मग प्रत्येक पातीमागचा रूळ त्याच्या शेजारच्या स्टॉक रेलला तारेने जोडायचा, म्हणजे डावा डाव्याला, उजवा उजव्याला. आता उघडी पाती आणि शेजारची स्टॉक रेल एकाच पोलारिटीची, चाक कितीही घासू दे. फ्रॉग एकटा पडला, त्याला स्विचमधून करंट द्यायचा. स्विचचा मधला टर्मिनल फ्रॉगला, बाजूचे दोन दोन्ही स्टॉक रेलना. आणि तो स्विच पॉइंटच्या मोटरबरोबरच पलटला पाहिजे.

लक्षात ठेवायला एकच वाक्य: पाती ज्या स्टॉक रेलला चिकटलीय, फ्रॉग त्याच पोलारिटीचा.

सोलेनॉइडला बहुतेक स्वतःचे कॉन्टॅक्ट नसतात, खाली अडकवायचा वेगळा स्विच मिळतो. नवीन घेणार असाल तर टॉर्टॉइज बघा, मंद गतीची मोटर, तिच्यात दोन स्विच आतच असतात. टर्मिनल 1 आणि 8 मोटरचे, 4 हा 2 आणि 3 चा कॉमन, 5 हा 6 आणि 7 चा. एक फ्रॉगला वापरायचा, दुसरा सिग्नलच्या दिव्याला. महाग आहे आणि खाली जागाही बरीच खाते, दिवाणाखालच्या लेआउटला कितपत बसेल शंकाच आहे.

एवढं केलं तरी उलट्या लागलेल्या पॉइंटवर इंजिन घातलंत तर शॉर्ट होणारच, तो मात्र या उपायाने जात नाही. त्याबद्दल इथले अर्डुइनोवाले बोलतील.

---

स्टुटगार्टचा पम्या

आमच्याकडे मार्क्लिनवाले हा प्रश्न वाचून हसतील हो. गोपिंगेन इथून जवळच, मार्क्लिनचं गाव, आणि त्यांच्या एचओला मधून तिसरा कॉन्टॅक्ट असतो, बाहेरचे दोन्ही रूळ एकाच पोलारिटीचे. फ्रॉगला भांडायला कोणी उरतच नाही. अर्थात त्या मधल्या टिकल्या बघवत नाहीत म्हणून मी स्वतः दोन रुळांवरच आहे आणि तुमच्यासारखाच रडतो.

मी लिहितोय ते 5-6-7-8 साठी. दादा, तुमचा मित्र पण खोटं बोलत नाही आणि तुमचीही चूक नाही. पॉइंटच्या डिकोडरचे पत्ते चार-चारच्या गटात जातात, एका बोर्डवर चार पॉइंट. पहिला गट शून्यापासून मोजायचा की एकापासून, यावर सगळ्यांचं एकमत नाही. मल्टीमाउस शून्यापासून मोजतो त्यामुळे त्याचा 5 म्हणजे तुमच्या डीसीसी-ईएक्सचा 1. बरोबर चारचा फरक. इथे इतका प्रसिद्ध घोळ आहे की रोकोच्याच झेड21 कमांड स्टेशनच्या सेटिंगमध्ये चारने सरकवायचं वेगळं ऑप्शनच दिलंय. मी एकदा दोन तास डिकोडर मेला समजून बसलो होतो आणि तो बिचारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला भलताच पॉइंट पलटत होता, टकाटक आवाज येत होता आणि मला वाटत होतं हीटर वाजतोय.

लेबल खोडा, 1 ते 4 लिहा, विषय संपला. मित्राला चहा पाजा.

---

ठाकुर्लीकर

वा! मित्राला वाचून दाखवलं, तो म्हणतो चहा नाही, मिसळ.

कोथरूडकर, आता पॉइंट कळला. पण तारा कापायची भीती वाटतेय खरंच, एकेक पॉइंट महागाचा आहे आणि परत आणायला मावसभावाला किती दिवस वाट बघायला लावणार. तीन पॉइंट नुसते खिळ्यांवर आहेत, ते निघतील. चौथा मात्र बॅलास्ट टाकून फेव्हिकॉलने बसवलाय, तो उचलला तर खडी सगळी उखडेल. त्याचं काय करू? आणि सोल्डरिंग करताना प्लास्टिकचे स्लीपर वितळले तर?

---

कोथरूडकर

बॅलास्टवाला उचलायचाच असेल तर कोमट पाण्यात एक थेंब भांडी घासायचं लिक्विड टाका, ड्रॉपरने सोडा, अर्धा तास थांबा, साधा पांढरा फेव्हिकॉल असेल तर सुटतो. घाई करून स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पात्याचा जोड जातो. उचलायचाच नसेल तर वरूनच पात्यामागचे दोन्ही रूळ, फ्रॉगच्या अलीकडे, बारीक करवतीने किंवा ड्रेमेलच्या पातळ चकतीने कापायचे, आणि फटीत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून रुळाच्या आकारात घासायचा. फट उघडी ठेवू नका, उन्हाळ्यात रूळ वाढले की परत टेकतात. अहो मुंबईकडचा मे महिना!

सोल्डरिंगचं सांगतो. पेकोने खाली जोडायला थोडी जागा मोकळी सोडलेली असते, तिथे रुळाच्या तळाशी प्लास्टिक नसतं, बरोबर तिथेच काम करायचं. आधी रूळ पॉलिश पेपरने चकचकीत करा, फ्लक्स लावा, रुळाला टिन करा (सोल्डरचा पातळ थर द्या), तारेलाही वेगळं टिन करा, मग तार ठेवून फक्त एकदा टेकवा आणि उचला. दोन सेकंद. लोक सोल्डरिंग आयर्न छोटं घेतात प्लास्टिक वितळू नये म्हणून, आणि मग दहा सेकंद धरून बसतात, त्यानेच वितळतं. गरम आणि झटपट. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले तर अजून निर्धास्त. पहिला प्रयोग तुटक्या रुळाच्या तुकड्यावर करा.

हे करायला बसलात की मल्टीमीटर बीपवर ठेवा. तारा कापल्यावर फ्रॉग आणि दोन्ही पाती, कुठेच बीप नको. तारा जोडल्यावर डावी पाती ते डावी स्टॉक रेल बीप हवा, डावी पाती ते उजवी स्टॉक रेल नको. हे टेबलावरच तपासायचं, एकदा खिळे मारल्यावर मग रडण्यात अर्थ नाही. (लहानपणी वडिलांबरोबर इथल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये गेलो होतो तेव्हा मी पूर्ण वेळ गाड्या बघत होतो. आता गेलो तर टेबलाखाली वाकून वायरिंग बघावंसं वाटतं. वय झालं.)

---

तपकीर गल्ली

मुख्य दुखणं कोणी धरलंच नाही अजून. शॉर्टमध्ये पॉइंट हलत नाही हे.

नियम एकच, पॉइंट हलवणारी पॉवर आणि गाडी चालवणारी पॉवर वेगळी. घरात गीझरमुळे फ्यूज उडाला तर दिव्यांची लाइन वेगळी असावी ना, तसंच. मोठ्या लेआउटवर लोक यासाठी वेगळा बूस्टर (पॉवर देणारं जादा युनिट) लावतात, किंवा ट्रॅकच्या प्रत्येक भागाला सर्किट ब्रेकर बसवतात आणि पॉइंटच्या डिकोडरची बस (मुख्य वायर) ब्रेकरच्या आधीच्या बाजूने घेतात. तुला यातलं काहीच विकत घ्यायला नको. तुझ्या मोटर शील्डला दोन चॅनल आहेत, ए आणि बी. ए वर ट्रॅक चालू असणार आणि बी प्रोग्रामिंगला राखलेला, जो तू महिन्यातून एकदा इंजिनाचा पत्ता बदलायला वापरत असशील. डीसीसी-ईएक्सच्या 5 व्हर्जनपासून ट्रॅक मॅनेजर आलाय, त्यात बी ला पण मेन करता येतं. दोन्हीवर सेम सिग्नल जातो पण ओव्हरलोड प्रत्येकाचा वेगळा. बी च्या दोन वायर फक्त डिकोडरला दे, ट्रॅकला कुठेही लावू नको. आता ए वर कितीही शॉर्ट होऊ दे, मोबाइलवर पॉइंट दाबला की हलणार, हलला की फ्रॉगची पोलारिटी बदलणार, शॉर्ट आपोआप जाणार आणि ए परत चालू. प्रोग्रामिंग लागेल तेव्हा बी परत प्रोग करायचा, एका ओळीची कमांड आहे.

एकच खबरदारी, फ्रॉगच्या स्विचला जाणाऱ्या दोन तारा ट्रॅकच्या बसवरूनच घे, बी वरून नाही. डिकोडर शेजारीच आहे म्हणून लोक तिथून उचलतात आणि मग दोन चॅनल फ्रॉगवर एकमेकांशी गाठ घालतात.

आणि माझं प्रामाणिक मत, सोलेनॉइड काढून टाक. खट्कन आपटतात, खऱ्या रेल्वेचा पॉइंट कधी असा आपटलेला बघितलायस? शिवाय बटण अडकलं की कॉइल गेली.

---

ठाकुर्लीकर

बटण अडकण्याबद्दल बोलूच नका. डीसीच्या काळात एक जाळलीय. मी फोन घ्यायला उठलो, बटण दबलेलं राहिलं, दहा-पंधरा सेकंदांत असा जळका वास आला की शेजारच्या काकू दार वाजवून विचारत होत्या काय करपलं म्हणून. त्यानंतर कपॅसिटरवाला सीडीयू बसवला, तो कपॅसिटर एका झटक्यात रिकामा होतो त्यामुळे बटण धरून ठेवलं तरी कॉइल जळत नाही. हल्ली डिकोडरच ते काम करतो.

सोलेनॉइड काढून काय लावू? टॉर्टॉइज परवडत नाही.

---

तपकीर गल्ली

नऊ ग्रॅमवाले सर्वो लाव. एसजी90 नाव, पुण्यात आमच्या गल्लीत मिळतात, तुमच्याकडे लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतील. सोबत पीसीए9685 बोर्ड घे, एका बोर्डवर 16 सर्वो, मेगाला आयटूसीच्या दोन तारांनी जोडायचा. डीसीसी-ईएक्सला तो बोर्ड मुळातच माहीत आहे, पहिल्या बोर्डच्या पिना 100 ते 115. कमांडमध्ये पॉइंटचा नंबर, पिन, दोन टोकांच्या पोझिशन (मी 410 आणि 205 पासून सुरुवात करतो आणि मग पाच-दहाने कमी-जास्त करत बसतो) आणि शेवटी स्पीड, 0 म्हणजे झटकन, 3 म्हणजे सावकाश. सर्वोला हुकूम ट्रॅकवरून जातच नाही, म्हणजे शॉर्टचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि तुझा बी चॅनल पण मोकळा राहिला.

मी खाल्लेल्या शिव्या तू खाऊ नको म्हणून सांगतो. सर्वोला मेगाच्या 5 व्होल्ट पिनवरून पॉवर द्यायची नाही, चार एकदम हलले की मेगा रिसेट होतो आणि गाडी मधेच उभी. वेगळा 5 व्होल्टचा अडॅप्टर, ग्राउंड मात्र एकत्र. पेकोच्या टाय बारमध्ये (दोन्ही पात्या जोडणाऱ्या पट्टीत) छोटी स्प्रिंग असते पाती खट्कन धरणारी, सर्वो लावताना ती काढायची, नाहीतर सर्वो तिच्याशी कुस्ती करत गुणगुणत बसतो. आणि पॉइंटला जाणारी तार स्प्रिंग स्टीलची घे, 0.8 मिमी. मी आधी यू-पिन सरळ करून लावली होती, मऊ असते, दोन आठवड्यांत वाकली आणि पाती अर्धवट उघडी राहून डबे रोज घसरायला लागले. मी रुळाला दोष देत होतो.

फ्रॉगसाठी सर्वोच्या हाताला लागून एक मायक्रोस्विच बसव, कॉमन फ्रॉगला. सर्वो मधोमध आला की क्लिक व्हायला हवा, अगदी सुरुवातीला झाला तर पाती अजून जुन्या बाजूला आणि फ्रॉग नवीन बाजूचा, गाडी तेव्हाच वर असली तर शॉर्ट. हे नको असेल तर फ्रॉग ज्यूसर म्हणून तयार सर्किट मिळतं, ते शॉर्ट ओळखून स्वतःच पोलारिटी पलटतं, स्विचबिच काही नको. पण आयात करावं लागतं, आणि मायक्रोस्विच वीस-तीस रुपयांत येतो.

---

सांधेकाका

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. नातवाने लिंक पाठवली. मॉडेलमधलं मला फारसं कळत नाही पण वाचून गंमत वाटली, कारण तुम्ही जे करताय तेच आम्ही केलं. आम्ही त्याला सांधा म्हणायचो. पॉइंट साहेब लोक म्हणायचे.

ज्या यार्डात ट्रॅक सर्किट असतं तिथे दोन्ही रुळांत वेगवेगळी पोलारिटी जाते, गाडी आली की एक्सल दोन्ही रूळ जोडतो आणि रिले पडतो. मग क्रॉसिंगपाशी, म्हणजे तुमच्या फ्रॉगपाशी, काय होणार? दोन रूळ एकमेकांना लोखंडाने भेटतात, गाडी नसताना पण रिले पडून राहील. म्हणून तिथे इन्सुलेशनचे जॉइंट टाकायचे, चिकटवलेले ग्लूड जॉइंट, आणि मग तारेने बाँडिंग करायचं, कुठला तुकडा कुणाला जोडायचा याचा नकाशा असतो. तुमचा तो प्लास्टिकचा जॉइनर आणि खालून जोडलेली तार म्हणजे हेच.

कोणी म्हणालं सांधा आपटत नाही, बरोबर. मोटर 110 व्होल्ट डीसीची, सांधा सरकतो, लॉक होतो, मग डिटेक्शन येतं. डिटेक्शन म्हणजे सांधा हलवला हे नाही, सांधा खरोखर लागला हे. तपासताना पातीच्या टोकापासून 150 मिमीवर पाती आणि स्टॉक रेलच्या मध्ये 5 मिमीची पट्टी घालायची आणि सांधा फिरवायला सांगायचा. लॉक लागता कामा नये आणि डिटेक्शन येता कामा नये. पावसात, रात्री दोन वाजता, हातात बॅटरी धरून ही पट्टी घातलीय मी. खडीचा एक तुकडा अडकला तरी सिग्नल मिळत नाही, ड्रायव्हर शिट्ट्या मारतो, स्टेशन मास्तर फोनवर ओरडतो, आणि आपण गुडघ्यावर बसून खडा शोधायचा.

तुमच्या मायक्रोस्विचला मी अर्धं डिटेक्शन म्हणेन. तो सर्वोच्या हाताला लावलाय, पातीला नाही. तार वाकली तर सर्वो सांगेल सांधा लागला, पाती मध्येच असेल. जमलं तर टाय बारलाच लावा.

---

स्टुटगार्टचा पम्या

काका, नमस्कार! 5 मिमीला 87 ने भागलं तर 0.06 मिमी पण येत नाही. आमच्या पात्या एवढ्या चिकटल्या असत्या तर आम्ही देवाला नारळ फोडला असता.

---

सांधेकाका

मग नारळ तयार ठेवा.

---

रूळवेडा सोलापूर

बसची वायर किती जाडीची घेतली तेही सांगा ठाकुर्लीकर. 2.5 स्क्वेअर एमएम लावा, घरच्या वायरिंगमधली उरलेली चालते, आणि फीडर 0.5 चे. माझ्याकडे बारीक वायरमुळे लांबच्या टोकाला शॉर्ट होऊनही स्टेशन ट्रिप व्हायचं नाही, वायर गरम व्हायची नुसती. ते जास्त धोक्याचं आहे, ट्रिप होणं चांगलं.

---

कोथरूडकर

6 बाय 4 ला 2.5 म्हणजे मुंगीला मुसळ. 1.5 पुष्कळ झाली. पण दुसरा मुद्दा सोळा आणे. त्याची परीक्षा नाण्याने करायची, रुपयाचं नाणं घ्या आणि लेआउटवर ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. 16.5 मिमीच्या रुळावर आरामात बसतं. प्रत्येक ठिकाणी पॉवर लगेच तुटली पाहिजे. जिथे तुटत नाही तिथे फीडर कमी आहे किंवा जॉइनर सैल आहे. पॉइंटच्या पलीकडच्या टोकांना विसरू नका, लोक ओव्हलवरच नाणं फिरवून खूश होतात.

---

ठाकुर्लीकर

मंडळी, दोन आठवडे गायब होतो, आता हिशोब देतो.

तीन पॉइंट उचलले, तारा कापल्या, जोडल्या. पहिल्यावर एक स्लीपर वितळवलाच, दहा सेकंद धरून बसलो होतो, कोथरूडकरांनी जे करू नका म्हटलं नेमकं तेच. दुसरा-तिसरा स्वच्छ झाला. वाफेचं इंजिन आता पात्यावरून असं जातं की मी तीनदा उलटसुलट चालवून बघितलं, विश्वासच बसेना. अंतर मोजलं, दुकानदाराकडून व्हर्नियर आणून, 14.1 निघालं. ते पण सरळ करायचंय.

बी चॅनलची युक्ती अफलातून. मुद्दाम अल्को उलट्या पॉइंटवर घातलं, शॉर्ट झालं, मोबाइलवर पॉइंट दाबला, खट्, आणि सेकंदभरात इंजिनाचा दिवा परत लागला. मुलीने टाळ्या वाजवल्या. दिवाणाखाली डोकं घालायचं बंद!

पण त्याआधी एक पूर्ण रविवार वाया गेला तोही सांगतो. स्विच लावल्यावर दोन पॉइंट बरोबर चालले आणि तिसरा दोन्ही बाजूंना शॉर्ट. सरळ लावला तरी शॉर्ट, वळणावर लावला तरी शॉर्ट. मी सगळं उघडलं, परत कापलं, मीटर लावला, सगळं बरोबर. शेवटी ते एका वाक्याचं सूत्र मोठ्याने म्हणत म्हणत बोट ठेवून बघितलं, पाती ज्या स्टॉक रेलला चिकटलीय फ्रॉग त्याच पोलारिटीचा, आणि कळलं की स्विचच्या बाजूच्या दोन तारा उलट्या आहेत. अदलाबदल केली, दोन मिनिटांचं काम. बायको म्हणाली आरती म्हणतोयस का.

अजून एक सापडलं, नाण्याने. नाणं फिरवताना सायडिंगच्या टोकाला डीसीच्या काळातली जुनी पॉवर क्लिप अजून रुळात खोचलेली दिसली, आत कपॅसिटर असलेली. इंजिन मध्येमध्ये ऐकत नव्हतं ते बहुतेक त्यामुळेच, काढल्यापासून नीट ऐकतंय.

बॅलास्टवाला चौथा तसाच आहे. त्याच्यावर सर्वो आणि मायक्रोस्विच लावणार, सर्वो आलेत, स्प्रिंग स्टीलची तार अजून मिळाली नाहीये. सांधेकाका, तुम्ही म्हणालात म्हणून स्विच टाय बारला लावायचा विचार आहे, पण टाय बारचा प्रवास जेमतेम अडीच-तीन मिमी आहे आणि मायक्रोस्विचचं बटण तेवढ्यात कधी क्लिक होतं, कधी होत नाही. लांब पट्टीवाला स्विच घेऊ का, की पट्टी तारेने वाढवू? कोणी केलंय का असं?